चारही भिंतींची मापं जुळली, तरी कडेला पाचर: इंदूरमधल्या एका खोलीचा प्रकरण अभ्यास

इंदूरच्या लोकमान्य नगर भागातलं एक जुनं बैठं घर. समोरच्या खोलीतली कोट्याची लादी काढून तिथे 60 × 60 सेंमीच्या व्हिट्रिफाइड फरशा बसवायच्या होत्या, मध्ये 2 मिमीचा सांधा ठेवून. मिस्त्रींनी दाराच्या भिंतीला समांतर दोरी बांधली, डाव्या कोपऱ्यात गुण्या (काटकोन तपासायचं मिस्त्रीचं साधन) लावून पहिली फरशी बसवली आणि तिथून उजवीकडे ओळ नेली. पहिली ओळ व्यवस्थित आली. दुसऱ्या ओळीत सातवी फरशी संपल्यावरही उजव्या भिंतीपर्यंत दीड सेंमीची फट उरली. तिसऱ्या ओळीच्या टोकाला ती 3 सेंमीच्या वर गेली. याच हिशेबाने मागच्या भिंतीशी ती 6 सेंमीच्या पुढे गेली असती. म्हणजे उजव्या भिंतीच्या कडेने दारापासून मागपर्यंत एक लांब, चिंचोळी पाचर, तीही भर उजेडात. डावीकडे याच्या उलट झालं होतं: प्रत्येक ओळीतली पहिली फरशी आदल्या ओळीपेक्षा थोडी जास्त कापावी लागली होती.

पहिला संशय फरशांवर आला. लॉट बदलला की मापात मिलिमीटरभर फरक पडतो हे खरं आहे. पण इथे सगळे खोके एकाच लॉटचे होते आणि फरशा एकमेकींवर ठेवून पाहिल्यावर कडा तंतोतंत जुळल्या. दोरीही सरळ होती. मग घरच्या काकांनी टेपने चारही भिंती मोजल्या. दाराची भिंत 420 सेंमी, मागची 420. डावी 315, उजवी 315. समोरासमोरच्या भिंती सारख्या आहेत, तेव्हा खोली ठीक आहे आणि चूक बसवण्यात आहे, असा निष्कर्ष निघाला. या प्रकरणाचं मर्म याच निष्कर्षात आहे. मापं बरोबर होती, पण त्यांतून काढलेला अर्थ चुकीचा होता.

कोपऱ्यांना नावं देऊ. दारात उभं राहून आत पाहिलं तर दाराच्या भिंतीचं डावं टोक अ, उजवं ब, मागचा उजवा कोपरा क आणि मागचा डावा ड. काकांच्या मापांतून एवढंच मिळतं: अब = कड आणि बक = डअ. आता अक हा कर्ण काढा. त्रिकोण अबक आणि त्रिकोण कडअ यांच्या दोन बाजू समान आहेत आणि तिसरी बाजू सामाईक, म्हणून बाबाबा कसोटीने ते एकरूप. त्यामुळे कोन बअक आणि कोन डकअ समान. अक या छेदिकेसाठी हे व्युत्क्रम कोन आहेत, म्हणून अब आणि कड समांतर. त्याच दोन त्रिकोणांतल्या दुसऱ्या जोडीवरून बक आणि अड समांतर. खोली समांतरभुज चौकोन आहे हे सिद्ध झालं, आणि तेवढंच सिद्ध झालं. या युक्तिवादात काटकोन कुठेही आला नाही. चार पट्ट्या टोकांना खिळ्यांनी जोडल्या तर ती चौकट हवी तेवढी तिरकी होते, तरी एकाही पट्टीची लांबी बदलत नाही. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये ‘लीलावती’त हेच कडक शब्दांत बजावलं आहे: चार बाजू दिल्या तरी चौकोनाचा आकार ठरत नाही, आणि कर्ण किंवा लंब न सांगता क्षेत्रफळ विचारणाऱ्याला, तसंच ते सांगणाऱ्यालाही, चौकोन कळलेला नाही.

म्हणून पाचवं आणि सहावं माप घेतलं, दोन्ही कर्णांचं. अक 531 सेंमी भरला, बड 519. बारा सेंमीचा फरक!

कर्ण मोजताना टेप कुठे धरायची हे आधी ठरवावं लागतं. कोपऱ्यात प्लास्टर गोलसर असतं आणि टेपच्या टोकाचा हुक तिथे नीट टेकत नाही. त्यामुळे दोन्ही भिंतींच्या कडेने सरळ पट्टी लावून जमिनीवर रेषा ओढायच्या आणि त्या जिथे छेदतात तो बिंदू कोपरा मानायचा. जुनं स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याशी लावलेली पट्टी) आधी काढलेलं असलं पाहिजे. टेप जमिनीला चिकटून ताणायची, हवेत धरली की ती झोळ खाते आणि माप वाढतं. घेतलेली मापं आपापसांत जुळतात का हे तपासायलाही समांतरभुज चौकोनाचाच एक गुणधर्म कामी येतो: दोन कर्णांच्या वर्गांची बेरीज चारही बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतकी असते. इथे 531 आणि 519 यांच्या वर्गांची बेरीज 5,51,322, तर बाजूंच्या वर्गांची बेरीज 5,51,250. एवढ्या मोठ्या आकड्यांत 72 चा फरक म्हणजे कर्णाच्या मापात एक मिलिमीटरसुद्धा नाही. मापं विश्वासार्ह आहेत. हा फरक काही हजारांत असता तर पुढचं गणित न करता टेप पुन्हा लावायला हवी होती.

आता तिरकेपणा किती? त्यासाठी कोनमापकाची गरज नाही. कर्णांतल्या फरकाला कर्णांच्या बेरजेने गुणायचं आणि लांब भिंतीच्या चौपटीने भागायचं. 12 × 1050 = 12,600, भागिले 1,680, उत्तर 7.5 सेंमी. याचा अर्थ, अ मधून दाराच्या भिंतीला काटकोनात रेषा काढली तर ड हा कोपरा त्या रेषेपासून 7.5 सेंमी उजवीकडे आहे. 315 सेंमीत 7.5, म्हणजे दर 42 सेंमीला 1 सेंमी. कोनात सांगायचं तर अ आणि क हे कोन सुमारे 88.6 अंशांचे, ब आणि ड सुमारे 91.4 अंशांचे. समांतर रेषांमधले छेदिकेच्या एका बाजूचे आंतरकोन मिळून 180 अंश होतात, त्यामुळे एक कोपरा जेवढा आवळलेला तेवढाच शेजारचा उघडलेला असणार.

सव्वा-दीड अंशाचा हा फरक सुरुवातीलाच का दिसला नाही? खरं तर तो दिसला होता. अ कोपऱ्यात गुण्याचं 30 सेंमीचं पातं लावल्यावर दुसऱ्या टोकाला 7 मिमी तफावत येत होती. पण जुन्या घरात प्लास्टरचा फुगवटा सहज तेवढा असतो, म्हणून ती फुगवट्याच्या खात्यावर गेली. लहान गुण्याची अडचण इथेच आहे: त्याला भिंत वाकडी आहे की कोपरा वाकडा आहे हे वेगळं सांगता येत नाही. कर्ण सबंध खोलीची लांबी वापरतो, त्यामुळे एखादा फुगवटा त्याला फसवू शकत नाही.

क्षेत्रफळ तर याबाबतीत पूर्ण निरुपयोगी आहे. आयत मानला तर खोली 1,32,300 चौ. सेंमी. प्रत्यक्षातला समांतरभुज चौकोन त्यापेक्षा जेमतेम 37-38 चौ. सेंमीने लहान, म्हणजे 6 सेंमी बाजूच्या एका ठिकरीएवढा. कोन काटकोनाच्या जवळ असताना थोडा हलला तर उंची जवळजवळ बदलत नाही, कर्ण मात्र लगेच लांब-आखूड होतात. म्हणून ‘चौरस फूट जुळले’ हा खोली गुण्यात असल्याचा पुरावा कधीच धरू नये.

कारण घराबाहेर सापडलं. बाजूची गल्ली समोरच्या रस्त्याला काटकोनात मिळत नाही. प्लॉटच्या दोन्ही बाजूंच्या हद्दी गल्लीला समांतर, पुढची-मागची हद्द रस्त्याला समांतर, आणि भिंती हद्दींपासून सारखं अंतर सोडून बांधलेल्या. रस्ता ही छेदिका आणि गल्ली, हद्द, डावी भिंत, उजवी भिंत या तिने छेदलेल्या समांतर रेषा. संगत कोन सगळीकडे समान, त्यामुळे गल्लीच्या तोंडाशी असलेला कोन जसाच्या तसा आतल्या खोलीत उतरला. याचा व्यावहारिक उपयोग मोठा आहे. बाहेरच्या हद्दींना समांतर असलेल्या प्रत्येक खोलीत तिरकेपणा हाच राहणार, 42 ला 1, त्याच दिशेने. पुढच्या खोल्यांत तो नव्याने शोधावा लागला नाही, एकेका कर्णाने पडताळला की पुरे. जुनी लादी हे सगळं कशी झाकत होती? तिचे तुकडे लहान-मोठे होते, सांधे जाड होते आणि कडेचे तुकडे भिंतीप्रमाणे घासून बसवलेले. मोठी, काटेकोर चौरस फरशी आणि 2 मिमीचा सांधा अशी मोकळीक देत नाही.

बसवलेल्या तीन ओळी मसाला ओला असतानाच उचलल्या, फरशा धुऊन ठेवल्या. मग प्रश्न उरला: काटकोनी फरशांची जाळी तिरक्या खोलीत कशी मांडायची? चारही भिंतींना समांतर राहणं अशक्य आहे. एका जोडीला समांतर राहायचं आणि दुसऱ्या जोडीशी तिरके तुकडे सोसायचे, यातली जोडी कोणती हे निवडावं लागतं. ओळी 420 च्या भिंतींना समांतर ठेवल्या तर बाजूच्या भिंतींशी घसरण, म्हणजे कडेच्या तुकड्यांच्या रुंदीतला एकूण फरक, 7.5 सेंमी. 315 च्या भिंतींना समांतर ठेवल्या तर दारापाशी आणि मागे ती 10 सेंमी. म्हणून नियम असा की जाळी लांब भिंतीला समांतर धरावी, म्हणजे घसरण आखूड भिंतीच्या वाट्याला येते. इथे दार लांब भिंतीतच होतं आणि उंबरठ्याशी सांधा तिरका दिसला असता तर तो रोज डोळ्यांत खुपला असता, त्यामुळे निवड सोपी झाली. दोन्हींत निम्मा-निम्मा तिरकेपणा वाटून टाकावा असंही काही जण सुचवतात. पण त्याने एकही भिंत सांध्यांशी समांतर राहत नाही आणि नजरेला टेकायला एकही सरळ रेषा उरत नाही. अशा खोलीत तो मार्ग घेऊ नये.

सुरुवात कोपऱ्यातून न करता मध्यातून केली. दोन्ही कर्णांवर दोऱ्या ताणल्या. समांतरभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना दुभागतात, त्यामुळे दोऱ्या जिथे छेदल्या तोच मध्यबिंदू. तपासणीसाठी अक वर कोपऱ्यापासून 265.5 आणि बड वर 259.5 मोजलं, दोन्ही खुणा एकाच जागी आल्या. डाव्या आणि उजव्या भिंतीचे मध्य, 157.5 सेंमीवर, खुणावून त्यांतून चुन्याची दोरी मारली. ही रेषा दाराच्या भिंतीला समांतर असते आणि मध्यबिंदूतूनच जाते. तिच्यावर मध्यबिंदूत लंब उभा करण्यासाठी लहान गुण्या वापरला नाही. रेषेवर 160 सेंमी, वर 120 सेंमी, आणि त्यांना जोडणारी टेप बरोबर 200, असा 3-4-5 चा त्रिकोण लावला. 30 सेंमीच्या गुण्यात 1 मिमीची चूक 3 मीटरवर 1 सेंमी होते. 200 च्या टेपने ती चूक खूपच कमी राहते.

मग कोरडी मांडणी. आडव्या दिशेने मध्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन, अशा 6 पूर्ण फरशा आणि 7 सांधे मिळून 361.4 सेंमी, बाकी 58.6. म्हणजे मध्यरेषेवर दोन्ही टोकांना 29.3 चे तुकडे. तिरकेपणामुळे डावीकडचा तुकडा दारापाशी 33 सेंमी आणि मागे 25.5, उजवीकडे याच्या उलट. एका फरशीच्या उंचीत बदल फक्त 1.4 सेंमी, आणि रुंद तुकड्यात तो डोळ्याला जाणवत नाही. 7.5 सेंमीचा तोच तिरकेपणा 6 सेंमीच्या पाचरीत ओरडतो, 30 सेंमीच्या तुकड्यात विरून जातो. उभ्या दिशेने 5 पूर्ण फरशा घेतल्या असत्या तर दोन्ही टोकांना 7 सेंमीच्या पट्ट्या उरल्या असत्या, म्हणून 4 घेतल्या आणि पुढे-मागे 37 सेंमीचे तुकडे ठेवले. भिंतीलगत 5 मिमी फट सोडायची असते, ती स्कर्टिंगखाली जाते. कापताना तेवढं वजा करायचं.

बाजूच्या तुकड्यांत समांतर भिंतींनी फार मोठी सोय करून ठेवली होती. समांतर रेषांमधलं आडवं अंतर सगळीकडे सारखं असतं, म्हणून कोणत्याही ओळीत डावा तुकडा आणि उजवा तुकडा यांच्या रुंदीची बेरीज 58.6 च राहते. ती 60 पेक्षा कमी आहे. म्हणजे एकाच फरशीवर 42 ला 1 असा तिरका काप मारला की उजवा भाग डाव्या भिंतीशी बसतो आणि डावा भाग उजव्या भिंतीशी, दोन्हींच्या कारखान्याच्या सरळ कडा आतल्या सांध्याकडे येतात. तुकडा फिरवावा लागत नाही, त्यामुळे फरशीच्या पाठीवरचा बाण सगळीकडे एकाच दिशेला राहतो आणि नक्षीची धार तुटत नाही. कटरच्या पात्याची जाडी आणि भिंतीलगतच्या फटी धरूनही वर सुमारे 2 सेंमी उरतात, ते तिरक्या कापाच्या बाजूने कापून टाकले. काप आखायला कोनमापक नको: फरशीच्या खालच्या कडेवर एक खूण, वरच्या कडेवर त्यापेक्षा 14 मिमी उजवीकडे दुसरी, आणि पट्टी लावून रेघ.

फरशांचा हिशेब असा झाला. पूर्ण 24, बाजूच्या चार ओळींना 4, पुढच्या-मागच्या 37 सेंमीच्या 12 तुकड्यांना 12 (एका फरशीतून 37 चे दोन निघत नाहीत), चार कोपऱ्यांना 2. एकूण 42. चारच्या खोक्याने 11 खोके लागतात, फुटतूट धरून 12 आणावेत. नुसतं क्षेत्रफळ भागून पावणेसदतीस फरशा आणि वर 5 टक्के, म्हणजे 10 खोके, अशी मागणी दिली असती तर काम अर्ध्यात थांबलं असतं. 37 कापून उरलेल्या 23 सेंमीच्या 12 पट्ट्या वाया गेल्या नाहीत. प्रत्येकीतून 10 सेंमी उंचीचे स्कर्टिंगचे दोन तुकडे निघतात, मिळून 14.4 मीटर. खोलीचा घेर दाराचे 90 सेंमी वगळून 13.8 मीटर. पहिल्या मांडणीत तिरक्या कापलेल्या 3 फरशाही इथेच लागल्या.

याच घरातली मागची खोली मात्र वेगळी निघाली. समोरच्या खोलीनंतर मिस्त्रींनी तिथे आधी कर्णच मोजले. दोन्ही 465 सेंमीच्या आसपास, काडीचाही फरक नाही. म्हणून खोली गुण्यात आहे असं धरून ते कोपऱ्यातून सुरुवात करणार होते. आधीच्या निष्कर्षाइतकाच हाही अपुरा आहे. भिंती मोजल्यावर दाराकडची 360, मागची 350 आणि बाजूच्या दोन्ही 300 निघाल्या. हा समद्विभुज समलंब चौकोन, आणि त्याचेही कर्ण समान असतात. समान कर्ण आयत ठरवतात ते फक्त समोरासमोरच्या बाजू आधी समान असतील तेव्हा. दोन्ही कसोट्या हव्यात, कोणतीही एक चालत नाही. दोऱ्यांनीही हे कळतं: इथे कर्ण एकमेकांना मध्यात छेदत नाहीत. 465 चे भाग दाराकडे सुमारे 236 आणि मागे 229 पडतात, आयतात ते 232.5 आणि 232.5 पडले असते. ही खोली मूळ घरात नव्हती, नंतर वाढवताना तिच्या बाजूच्या भिंती हद्दीला समांतर न ठेवता फिरवून घेतल्या होत्या.

त्यामुळे 42 ला 1 हे प्रमाण इथे लागू पडत नव्हतं. 360 आणि 350 च्या भिंतींचे मध्य जोडून अक्ष काढला. समद्विभुज समलंब चौकोनात तो दोन्ही समांतर भिंतींना लंब असतो, त्यामुळे वेगळा काटकोन उभारावा लागला नाही. अक्षावर फरशी मध्यभागी धरून 5 पूर्ण फरशा घेतल्या, दोन्ही कडांना दारापाशी 29.4 आणि मागे 24.4 सेंमी उरले, दोन्हीकडे सारखे. घसरण 60 ला 1. पण समोरच्या खोलीतली एका कापात दोन तुकड्यांची सोय इथे संपली. दोन्ही भिंती एकाच टोकाकडे जवळ येतात, म्हणून डावा आणि उजवा तुकडा एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब होतात, आणि फरशी पालथी घालता येत नाही. उरलेला अर्धा भाग त्याच बाजूच्या दुसऱ्या ओळीत बसतो, पण अर्धा फेरा फिरवून, म्हणजे बाण उलटा करून. साध्या एकरंगी फरशीत ते चालतं. या खोलीसाठी रेषांची नक्षी असलेली फरशी निवडली होती, म्हणून बाजूच्या चार पूर्ण ओळींना 4 ऐवजी 8 फरशा धरल्या आणि एक खोका जास्त मागवला.